मुलीचे नाव लिहावे कसे?



पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींस हसू आले असेल. कामगार संघटनेत हयात घालविलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी कामगारांच्या हालांवर बोलावे. तान्ह्या मुलीचे नाव ऱ्हस्व लिहावे की दीर्घ, या पंचाइतीत त्याने का पडावे? आम्ही काही पंडित नव्हे. 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. संप लांबला, घरची चूल अडली आणि आमची शाळा सातवीपाशी थांबली. पुढे जे काही शिकलो ते मोफत वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. पण त्या व्हरांड्यात एक गोष्ट फार लवकर ध्यानात आली, ती अशी की गरीब माणसाजवळ दागिना नसतो, जमीन नसते. त्याच्याजवळ असते ते त्याचे नाव. आणि ते नाव कागदावर दोन तऱ्हांनी लिहिले गेले, तर त्याच्या घामाचा पैसा दोन माणसांत वाटला जातो, ज्यांतले एक माणूस अस्तित्वातच नसते. म्हणून हा विषय आम्हांस पगारवाढीइतकाच आमचा वाटतो.

प्रथम एक गंमत सांगतो. ज्या शब्दावर आपण बोलत आहोत, तो शब्दच दोन तऱ्हांनी लिहिला गेलेला आहे. आपल्या आजोबांच्या काळची पुस्तके उघडून पाहा. तेथे 'नांव' असे, डोक्यावर टिंब देऊन छापलेले आढळेल. संस्कृत 'नाम' मधल्या 'म'ची ती खूण. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे 14 नियम ठरविले, 1972 साली त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. ज्या अनुस्वाराचा उच्चार होत नाही तो लिहू नये, असे ठरले आणि 'नांव'चे 'नाव' झाले. जुने लिहिणारे अडाणी नव्हते आणि नवे लिहिणारे आळशी नव्हते. नियम बदलला, एवढेच. तेव्हा नावाच्या लेखनात 'एकच खरे, बाकी सारे खोटे' असा हट्ट धरणाऱ्याने हे टिंब आठवावे.

आता मुलींच्या नावांकडे येऊ. पूजा की पुजा? गीता की गिता? सुनीता की सुनिता? आमच्या कचेरीत सभासदत्वाचे अर्ज येतात, त्यांत ही नावे दोन्ही तऱ्हांनी लिहिलेली असतात. शिकलेला माणूस 'पुजा' पाहून नाक मुरडतो आणि म्हणतो, 'यांना साधे नाव लिहिता येत नाही.' आम्ही त्यास विचारतो, 'चुना' कसा लिहाल? 'सुरी' कशी? 'किडा' कसा? सर्वत्र पहिले अक्षर ऱ्हस्व. मराठीचा नियमच आहे की, शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असले, तर त्याच्या अलीकडचा इकार किंवा उकार ऱ्हस्व लिहावयाचा. मग 'पुजा' लिहिणाऱ्या बापाने काय गुन्हा केला? त्याने आपल्या मायबोलीचा नियम पाळला! घोटाळा असा की 'पूजा' हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे, आणि अशा शब्दांस हा नियम लागू नाही. त्यांनी संस्कृतातले ऱ्हस्व-दीर्घच मिरवावयाचे. शब्द घरचा की पाहुणा, हे ज्यास शाळेत कुणी सांगितले नाही, त्याने पाहुण्यासही घरच्याच पंक्तीस बसविले.

कानाने हे सुटत नाही. आपल्या बोलण्यात ऱ्हस्व आणि दीर्घ यांत फारसा फरक उरलेला नाही. 'गीता' म्हणा की 'गिता' म्हणा, हाक तीच ऐकू येते. म्हणून उगम पाहावा लागतो. 'सुनीता' यात 'नी' धातू आहे; सुनीता म्हणजे चांगल्या मार्गाने नेलेली, म्हणून तेथे दीर्घ. 'कविता', 'सरिता', 'वनिता' यांत ऱ्हस्व. चारही नावे कानाला एका घाटाची वाटतात, म्हणून लोक चारही एकाच साच्यात ओततात. 'ऊर्मिला'चेही तसेच. 'ऊर्मि' म्हणजे लाट, तिचा ऊकार दीर्घ. आपल्याकडे मात्र 'उर्मिला' इतके रूढ झाले आहे की दीर्घ लिहिले तर लोक दुरुस्त करू लागतात. आणि 'प्रीती' घ्या. हिंदी मुलखात हे नाव 'प्रीति' असे लिहितात, कारण संस्कृतात शेवट ऱ्हस्व आहे. मराठीत व्यक्तिनामाचा शेवटचा इकार दीर्घ लिहावयाचा असा नियम आहे, म्हणून आपली ती 'प्रीती'. पण कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना भेटतात त्या जागेचे नाव लिहिताना आपण 'प्रीतिसंगम' असे ऱ्हस्व लिहितो, कारण तेथे शब्द समासात शिरला. एकाच नावाची ही दोन रूपे, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

मग कुणी म्हणेल, संस्कृत कोश उघडावा आणि त्याप्रमाणे सर्व नावे सुधारून टाकावी. आम्ही तेही म्हणणार नाही. महात्मा फुले यांचे नाव 'जोतीराव'. कोल्हापूरजवळच्या डोंगरावरील जोतिबाच्या नावावरून ते ठेवलेले. पुढे सुशिक्षितांनी प्रेमाने का होईना, त्याचे 'ज्योतिराव' केले. गावकऱ्यांचा जोतिबा त्यात पुसट झाला, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. आम्ही कामगार हे नाव विसरू शकत नाही. ज्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली, ते जोतीरावांचेच सहकारी. दुसरे उदाहरण एका स्त्रीचे. डॉक्टर रखमाबाई. बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास त्यांनी नकार दिला, त्यावर मुंबईत 1884 पासून खटला चालला. 1885 साली त्यांनी वर्तमानपत्रात पत्रे लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने. स्वतःचे नाव घालण्याचीही तेव्हा सोय नव्हती. पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेस व राजकोटास त्यांनी स्त्रियांची सेवा केली. त्यांचे नाव 'रखमा'. कोशात पाहिले तर 'रुक्मिणी' मिळेल. पण रखमाबाईंना रुक्मिणीबाई म्हणण्याची छाती कुणाची आहे? पंढरपूरच्या विटेवरल्या विठोबाची सहचरी तीही रखुमाईच. लोकांच्या जिभेवर घडलेले नाव हे बिघडलेले नाव नव्हे. ते त्यांनी घडविलेले नाव होय.

एवढ्यावर भागले असते तर ठीक होते. पण आज मुलीचे नाव एका लिपीत लिहून भागत नाही. जन्मदाखल्यावर, आधारपत्रावर, बँकेच्या पुस्तकावर ते इंग्रजी अक्षरांतही लिहावे लागते, आणि तेथे तर घाटच लागतो. आपला 'ज्ञ' पाहा. 'प्रज्ञा' लिहिताना महाराष्ट्रात मध्ये डी, एन, वाय घालतात. उत्तरेकडे जी आणि वाय. दक्षिणेकडे जे आणि एन. जसा ज्याचा उच्चार तशी त्याची अक्षरे. 'अमृता'मधल्या ऋकारास आपण आर-यू लिहितो, हिंदी मुलखात आर-आय. 'कविता'च्या 'ता'साठी आपण नुसता टी लिहितो. तमिळ-मल्याळी मंडळी टी-एच लिहितात, कारण नुसता टी त्यांनी 'ट'साठी राखून ठेवला आहे. 'गीता'चा दीर्घ ईकार कुणी डबल ई ने दाखवितो, कुणी एका आयने. यांत चूक कुणाचीच नाही. पण यंत्राला हे कोण सांगणार? यंत्र अर्थ जाणत नाही, नाते जाणत नाही. ते अक्षराला अक्षर जुळवून पाहते आणि न जुळले की माणूस परका ठरविते.

याचा दाखला म्हणून एका बाईची हकीगत सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. बाईंनी तेथे बांधणीखात्यात 26 वर्षे काम केले. कामावर लागल्या त्या दिवशी टाइम ऑफिसच्या कारकुनाने नाव विचारले. त्यांनी 'सुनीता' म्हणून सांगितले, त्याने कानाला आले तसे एका आयने लिहून घेतले. पुढे आधारपत्र काढताना दुसऱ्या माणसाने डबल ई घातली. देशातले पहिले आधारपत्र 2010 साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी एका स्त्रीला देण्यात आले, आणि 2014 पासून भविष्य निर्वाह निधीचा प्रत्येक कामगारास कायमचा एकच क्रमांक मिळू लागला. दोन्ही गोष्टी मुळात सोयीच्या. पण दोहोंवरचे नाव जुळले पाहिजे, अशी अट आली. बाई निवृत्त झाल्या तेव्हा कारखाना बंद पडून तीन वर्षे लोटली होती. नावाची दुरुस्ती करावयाची तर कामगार आणि मालक या दोघांच्या सहीचा अर्ज हवा. कामगार आमच्यासमोर बसलेली; मालक कुठे शोधावा? त्या अकरा महिने फेऱ्या घालीत होत्या. एकदा जिन्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, सव्वीस वर्षं कुणी विचारलं नाही तू कोण म्हणून. आता माझ्याच पैशासाठी मी मीच आहे याला साक्षीदार आणायचे?" पैसे शेवटी मिळाले. पण त्या अकरा महिन्यांत घरातल्या नातीच्या शाळेची फी थकली ती थकलीच.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत 2012 साली निघाली, त्याही वेळी वारसांनी जुनी कार्डे आणि दाखले धुंडाळीत ट्रंका उपसल्या, ते दृश्य आपल्यापैकी मुंबईकरांनी पाहिले असेल. एका अक्षराची किंमत काय असते, ते अशा वेळी कळते.

आणि स्त्रीच्या बाबतीत ही किंमत दुप्पट होते. का ते पाहा. मुलाचे नाव एकदा ठेवले की जन्मभर राहते. मुलीचे तसे नाही. ताटात तांदूळ पसरावयाचे आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यावर बायकोचे नवे नाव लिहावयाचे, ही आपली चाल. तांदूळ सकाळी डब्यात परत जातात. नाव मात्र तिला चिकटते. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे, सातबाऱ्यावर असलेच तर तिसरे. याहून कठोर गोष्टही आपल्याच मुलखात घडली आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचे नाव 'नकुशी' ठेवावयाचे! 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेंहून अधिक मुलींना जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली. त्या मुलींना कुणी विचारले, तुला कोणते नाव हवे? आणि त्यांनी आपापली नावे निवडली, तेव्हा नाव म्हणजे काय, हे आम्हां मोठ्या माणसांस त्यांनी शिकविले. म्हणून म्हणतो, मुलीचे नाव कसे लिहावे ही चैनीची चर्चा नव्हे. तिचे स्वतःचे म्हणून जे पहिले धन, त्याची ही राखण होय.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमचे एक जुने सहकारी, लेथवर काम करणारे, तीन चिठ्ठ्या घेऊन कचेरीत आले. नात झाली होती. सुनेने नाव काढले होते 'मृण्मयी', म्हणजे मातीची घडलेली. पहिल्या चिठ्ठीवर सुनेच्या अक्षरात 'मृण्मयी'. दुसरीवर तिच्या मामाने कोश पाहून लिहिलेले 'मृन्मयी'. मूळ शब्द 'मृद्' म्हणजे माती, तेव्हा 'न' असावा असे त्यांचे म्हणणे. तिसऱ्या चिठ्ठीवर एका अंकशास्त्रवाल्याने काढलेली इंग्रजी अक्षरे, शेवटी डबल ई, मध्ये एक जादा ए. असे लिहिल्यास मुलीचे भाग्य उघडेल असा त्याचा हवाला. घरात तीन दिवस वाद. आमच्या मित्राच्या पत्नी एका बाजूला बसून ऐकत होत्या. त्यांचे माहेरचे नाव सोनाबाई, तांदळावरचे नाव रुक्मिणी, आणि रेशनकार्डावर 'रुखमिनी'. त्या एवढेच म्हणाल्या, "नाव काय वाट्टेल ते ठेवा. पण एकदाच लिहा. माझ्यासारखी तीन करू नका तिला."

आमच्या मते साऱ्या व्याख्यानाचे सार त्या बाईंनी एका वाक्यात सांगून टाकले होते. पण निर्णय तर करावयाचा होता. आम्ही तिघांनी मिळून तो असा केला. 'ण' की 'न'? ऋकारानंतरच्या 'न'चा 'ण' होण्याची प्रवृत्ती संस्कृतातच आहे, दोन्ही रूपे लिहिली गेलेली आहेत. मराठीत 'मृण्मयी' अधिक परिचित, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीचेही नाव तसेच छापलेले. जेथे दोन्ही रूपांस आधार आहे, तेथे ज्या आईने नाव शोधले तिच्या हातचे रूप घ्यावे. इंग्रजीत 'मृ'साठी एम-आर-यू, कारण मुलगी महाराष्ट्रात वाढणार आणि येथला कारकून तसेच लिहितो. शेवटचा 'यी' डबल ई ने की एका आयने? मुलीच्या आईचे नाव अश्विनी, आणि ती सही करते ती शेवटी एक आय लावून. मग आईच्या नावातला ईकार एका तऱ्हेने आणि लेकीच्या नावातला दुसऱ्या तऱ्हेने का? एकच आय ठरला. जादा ए ला आम्ही हात जोडले. ज्याने हिशेब मांडून भाग्य उघडण्याचे कबूल केले, तो पुढे निधीच्या कचेरीत दुरुस्तीचा अर्ज घेऊन रांगेत उभा राहणार नव्हता. आजीला 'मृण्मयी' म्हणताना जीभ अडखळते. ती 'मिनू' म्हणते. तेही ठीक. हाकेचे नाव घराचे, कागदाचे नाव मुलीचे.

आता कायद्याच्या चार गोष्टी, कारण त्या जाणल्यावाचून वरील शहाणपण फुकट. जन्माची नोंद 1969 च्या कायद्याखाली होते. जन्म 21 दिवसांच्या आत कळवावयाचा. पण नाव त्याच दिवशी दिले पाहिजे, असे मुळीच नाही. नावाची जागा मोकळी ठेवून नोंद करता येते. 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. तेव्हा दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहून घाईने नाव सांगू नका. तेथेच बहुतेक नावे मोडतात. घरी या, कागदावर लिहा, चार दिवस भिंतीवर लावून ठेवा, मग द्या. दुसरे असे की 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा मुख्य पुरावा ठरला आहे. पूर्वी शाळेच्या मास्तरांनी रजिस्टरात लिहिले ते नाव चाले. आता पहिल्या कागदावरचेच अक्षर पुढे चालणार. तिसरी गोष्ट महाराष्ट्राची. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकाच्या सरकारी कागदावर आधी बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. आईचे नाव लेकीच्या नावाला लागून आले, ही आनंदाची गोष्ट. पण त्यातून एक नवी जबाबदारी आली. आईचेच नाव तिच्या तीन कागदांवर तीन तऱ्हांनी असेल, तर तो गुंता पाळण्यातच लेकीच्या पदरी पडेल. म्हणून बारशाच्या आधी आईने आपले कागद पुढे मांडावे आणि आपले नाव आधी एक करून घ्यावे.

कुणी विचारील, मग शुद्ध कोणते? आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे सांगतो. मुलगी अजून जन्मायची असेल किंवा नाव अजून दिले नसेल, तर कोश पाहा, जाणत्याला विचारा आणि अर्थ राखणारे रूप निवडा. 'पूजा' दीर्घ लिहा, 'सुनीता' दीर्घ लिहा, कारण पुढे ती शिकेल आणि आपले नाव नेटके लिहिलेले पाहून तिला बरे वाटेल. पण एकदा नाव कागदावर चढले आणि ती मुलगी ते नाव घेऊन दहा वर्षे चालली, तर मग ती 'पुजा' असली तरी तिचे तेच शुद्ध. गुरुजींनी तिच्या वहीवर लाल रेघ मारून ते सुधारू नये. व्याकरण शब्दाला लागू आहे. नाव माणसाचे आहे. आणि दोन्ही लिप्यांतली अक्षरे एका कागदावर लिहून तो कागद घरातल्या कर्त्या बाईच्या ताब्यात द्या. जेथे जेथे नाव द्यावे लागेल, तेथे तोंडाने सांगू नका. तो कागद पुढे करा आणि लिहून झाले की स्वतः वाचून पाहा. कारकुनाला राग आला तर येऊ द्या. आम्ही संघटनेत तीस वर्षे हेच शिकविले की, सही करण्यापूर्वी वाचा. आता एवढेच जोडतो की लेकीचे नाव लिहून देण्यापूर्वीही वाचा.

येथे बसलेल्या भगिनींपैकी कित्येकींच्या पर्समध्ये या क्षणी स्वतःचे नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले दोन कागद असतील. आज घरी गेल्यावर ते काढून शेजारी शेजारी ठेवा. एका रविवारचे काम आहे. पुढे अकरा महिने वाचतील.